बरणीतल्या चिठ्ठ्या

भिंगरीला कुठलीही फळी जशीच्या तशी पाहवत नसे. किराणा दुकानात वाट बघत उभी राहिली तर पुड्यांची रांग सरळ करून यायची, दवाखान्यात नंबर येईपर्यंत टेबलावरची मासिकं उतरत्या मापाने रचायची. शाळेच्या ग्रंथालयात बाईंनी तिची खुर्ची कपाटापासून चार हात लांब मांडून ठेवली होती. खरं नाव दाखल्यापुरतंच उरलेलं. बाबांनी ठेवलेलं 'भिंगरी' तिला असं चिकटलं होतं की मैत्रिणीसुद्धा तेच वापरत.

तेव्हा आत्याचा पाय स्टुलावरून घसरून प्लास्टरमध्ये गेला आणि तिने भिंगरीला मदतीला बोलावलं, यात नवल काहीच नव्हतं. आत्याचं काम म्हणजे नव्या इमारतीतला सॅम्पल फ्लॅट सजवायचा. तिथे कोणी राहत नाही, पण बघायला येणाऱ्याला वाटलं पाहिजे की घरातली माणसं आत्ताच बाहेर पडली असतील. शनिवारी तीन वाजता फोटो काढायला माणूस येणार होता. आत्या खुर्चीत बसून प्लास्टरचा पाय खोक्यावर टाकून हुकूम सोडत होती आणि भिंगरी चारही खोल्यांतून धावत होती.

आत्याचे नियम ठरलेले. वस्तू तीन ठेवायच्या नाहीतर पाच, चार कधी नाही. जड खाली, हलकं वर. आणि प्रत्येक फळीचा तिसरा हिस्सा रिकामा, कारण माणसाची नजर दमते, तिलाही टेकायला जागा लागते. स्वयंपाकघरात भिंगरीने काचेचे डबे मांडले, त्यांत पिवळं, हिरवं, तांबडं धान्य भरलं. न्हाणीघरात टॉवेलांच्या वळकट्या. मुलांच्या खोलीत लाकडी हत्ती, पण अर्धवट वळवून, जणू कोणी खेळता खेळता टाकून गेलंय. आत्याने हत्तीकडे बघून भुवया उंचावल्या. आत्याकडून एवढं मिळणं म्हणजे बक्षीसच होतं.

अडलं ते अभ्यासिकेत. पुस्तकं होती, दिवा होता, फुलदाणी होती, तरी फळी मेलेली दिसत होती. भिंगरीने सात वेळा मांडलं आणि सात वेळा मोडलं. मग तिच्या डोळ्यांसमोर बाबांची बरणी आली.

बाबा घड्याळजी. दुकानात त्यांच्या पाठीमागच्या फळीवर एक मोठी काचेची बरणी असे आणि तिच्यात घड्याळं. दुरुस्त झालेली, पण मालक न्यायला न आलेली. काही दोन वर्षांची, काही पंधरा. कोणी म्हणालं, विकून टाका, तर बाबा फक्त मान हलवायचे. येईल की, म्हणायचे. माणूस आहे, कामात असेल.

पंधरा वर्षं कामात, असं आई चिडवायची.

बाबा त्या दिवशी एका हॉटेलातलं भिंतीवरचं घड्याळ बघायला गेले होते. दुकानाची दुसरी चावी घरी खिळ्याला होती. बरणी नेली काय आणि संध्याकाळी परत ठेवली काय, कोणाला कळणार होतं? भिंगरीने ती ओढणीत गुंडाळून आणली. आत्याने विचारलं, दादाला सांगितलंस ना? भिंगरीने मान अशी हलवली की तिचा हवा तो अर्थ घ्यावा.

बरणी फळीवर ठेवली आणि खोली जागी झाली. फक्त एक खटकत होतं. प्रत्येक घड्याळाच्या पट्ट्याला दोऱ्याने एक मळकी चिठ्ठी बांधलेली होती. काचेतून ते कागद लोंबताना दिसत होते, पिवळे, दुमडलेले, बाबांच्या बारीक अक्षरात मालकाचं नाव लिहिलेले. फोटोत कचरा दिसणार. भिंगरीने कात्री घेतली. एकेचाळीस दोरे, एकेचाळीस चिठ्ठ्या. त्या तिने एका कागदी पिशवीत टाकल्या आणि घड्याळं अशी रचली की तबकड्या बाहेर.

"हे मला सुचलं नसतं," आत्या म्हणाली.

भिंगरीला जमिनीवर पाय ठरेनात.

अडीचला फोन वाजला. बाबा, दुकानात परत आलेले. आवाज नेहमीसारखाच, पण वाक्यं तोडून तोडून. एक बाई आल्यात, सात वर्षांपूर्वी दिलेलं घड्याळ न्यायला. बरणी जागेवर नाही. तू पाहिलीस का गं?

खोटं बोलायला एक श्वास पुरला असता. तो श्वास भिंगरीने घेतलाही. मग म्हणाली, "माझ्याकडे आहे. आणते."

फोन ठेवला आणि पिशवी शोधायला लागली. खोक्यांच्या मागे नव्हती. खिडकीपाशी नव्हती. मग तिला आठवलं, पॅकिंगचा कचरा तिनेच मघाशी गोळा केला होता, तिनेच दोन हातांत कवटाळून खाली पिंपात टाकला होता. आवराआवरीची कोण घाई.

पाच मजले ती जिन्यानेच उतरली, लिफ्टची वाट बघवेना. वॉचमनने विचारलं, काय हरवलंय पोरी, सोनं का? ती म्हणाली, नावं. त्याने पिंप आडवं करून दिलं. पिशवी फाटलेली होती. थर्माकोलच्या कण्यांतून, चहाच्या चोथ्यातून तिने एकेक चिठ्ठी वेचली, ओढणीला पुसली, मोजली. अडतीस. पुन्हा चाळलं. पुन्हा अडतीस. तीन कुठे उडाल्या, कोण जाणे.

वर आली तर कॅमेरेवाला दिवे लावत होता. भिंगरीने आत्याला सगळं एका दमात सांगितलं आणि बरणी उचलली. फळीवर मधोमध भगदाड पडलं. आत्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग भगदाडाकडे.

"जा," ती म्हणाली. "नजरेला टेकायला जागा झाली म्हणेन. आणि कार्टे, दादाच्या समोर मान गोलगोल फिरवू नकोस."

दुकानात एक पिकल्या केसांच्या बाई स्टुलावर बसल्या होत्या. बाबा उगाच एकच स्क्रू पुसत होते. भिंगरीने बरणी त्यांच्यासमोर ठेवली, शेजारी चिठ्ठ्यांचा ओला गठ्ठा.

"बाबा, मी चिठ्ठ्या कापल्या. कचऱ्याच्या पिंपात गेल्या. तीन हरवल्या."

"का कापल्यास?"

"वाईट दिसत होत्या."

हे तोंडातून निघालं आणि तिचं तिलाच कसंतरी झालं. बाबांनी गठ्ठ्यातली वरची चिठ्ठी उलगडून टेबलावर सपाट केली. ओरडले असते तर बरं झालं असतं. रडता तरी आलं असतं. मग त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, एक घड्याळ घेतलं आणि मागचं झाकण उघडून तिच्यासमोर धरलं. आतल्या बाजूला सुईने कोरल्यासारखे बारीक आकडे होते. दुरुस्तीची तारीख. तीच तारीख चिठ्ठीवरही असे. भिंगरी या दुकानात रांगत मोठी झाली होती, पण झाकणाच्या आत तिने कधी डोकावलं नव्हतं.

"बस," बाबा म्हणाले. "मी वाचतो, तू शोध."

ती बसली. बाबा तारीख सांगत, ती गठ्ठ्यात धुंडाळत असे आणि सापडली की दोरा ओवून गाठ मारत असे. पाय टेबलाखाली नाचत होते, बोटं मात्र हळू चालवावी लागत, कारण ओला कागद घाई केली की फाटत होता. बाईंनीही स्टूल पुढे ओढलं. घड्याळ आमच्या ह्यांचं, त्या म्हणाल्या, त्यांनी दुरुस्तीला टाकलं आणि दुसऱ्याच आठवड्यात ते गेले. मग या गल्लीत पाऊलच वळलं नाही.

एकोणिसावं घड्याळ उघडलं. तारीख जुळली, चिठ्ठीवरचं नाव बाईंनी स्वतः वाचलं, मोठ्याने, एकदाच. बाबांनी चावी दिली. बाईंनी ते कानाला लावलं. जाताना भिंगरीला म्हणाल्या, "बरं झालं पोरी, उकिरडा उपसलास."

सहा वाजेपर्यंत अडतीस घड्याळांना नावं मिळाली. उरली तीन. तारखा होत्या, माणसं नव्हती. बाबांनी ती बरणीत टाकली नाहीत. फळीवर वेगळी मांडली आणि कोऱ्या चिठ्ठ्या तिच्यापुढे सरकवल्या.

"आठवेल तसं मी सांगतो. तू लिही."

पहिल्याचा पट्टा तपकिरी, काचेवर चरा. आणणारा माणूस उंच होता, बहुतेक डावखुरा, कारण घड्याळ त्याने उजव्या मनगटावरून काढलं होतं. भिंगरीने सगळं लिहिलं. नावाची ओळ कोरी सोडली.

तीन घड्याळं फळीवर थोडी तिरकी पडली होती. तिचा हात आपोआप वर गेला. मग तिने तो खाली घेतला आणि दुसरी चिठ्ठी ओढली.