देवीसमोरचं भांडण

शिरवण्याच्या गावदेवीची पालखी उठण्याआधी एक रीत होती. वर्षभराची भांडणं देवीसमोर तोंडावर बोलून टाकायची. मन मोकळं झाल्यावरच खांदा द्यायचा. १९८६च्या जत्रेला कमळाकर आले ते या रीतीसाठीच.

ते गावचे सरपंच होते, मग आमदार, मग मंत्री. नवं शहर यायचं ठरलं तेव्हा तळ्याच्या बांधावर उभं राहून त्यांनीच सांगितलं होतं, "जमिनी द्या. भाव मी मिळवून देतो." पुढे भावासाठी मोर्चा निघाला, लाठ्या पडल्या. त्या आठवड्यात मंत्री कमळाकर छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात झोपून होते. छातीत काही दुखत नव्हतं. त्यांच्या गप्प बसण्याची पक्षाने आठवण ठेवली आणि त्यांना दूरच्या एका डोंगरी राज्याचं राज्यपाल केलं. तिथे त्यांना भेटायला येणारा प्रत्येक जण वाकायचा, आणि त्यांना गावातल्या चुलतभावाचा, नामदेवचा चेहरा आठवायचा.

शिव्या खायच्या, पण खांदा द्यायचा, असं ठरवून ते आले होते.

गाव चटयांवर बसलं. त्यांच्यासाठी खुर्ची होती.

"पुतळे, तुजी कोंबरी माजे अंगनान अंडी घालते, नि तू गुपचूप नेतेस," सखू म्हणाली.

"कोंबरी माजी, तं अंडी काय तुज्या सासऱ्याची?"

सगळे हसले. सखूही हसली. मग बांधाचं भांडण निघालं, मग पाण्याचं. नामदेव मोर्चात मोडलेला हात मांडीवर ठेवून ऐकत होता. भांडणं संपली. गडी पालखीकडे वळले.

कमळाकर उठले. "नामदेव, माझ्यावर तुझं काही राहिलंय?"

"नाय साहेब."

"साहेब काय? लाठ्या पडल्या तेव्हा मी कुठे होतो, ते विचार."

नामदेव ओशाळला, जणू चूक त्याचीच होती. "भांडान गाववाल्याशी आसतं. तुमी पावनं. पावन्याला कोन बोलतं?"

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

नामदेवची बायको भागीरथीवहिनी पेला घेऊन आल्या. पूर्वी त्या 'भावजी' म्हणत. "साहेब, सरबत घ्या. ऊन हाय."

त्यांनी पेला घेतला. पालखी उठली. नामदेवने धड हाताकडचा खांदा दिला होता. वाट अरुंद होती, म्हणून कमळाकर बाजूला सरले आणि आपली खुर्चीही त्यांनी मागे ओढून घेतली.