आरोहीच्या यकृताचा हेवा

उजव्या बरगडीखालून बोलतंय मी, घाटनांदूरच्या संगीताचं यकृत. आधीच सांगून टाकतं, तिच्या लेकीच्या, आरोहीच्या यकृताचा मला भयंकर हेवा वाटतो. पोटात दुखतं म्हणा हवं तर. मी लपवणार नाही.

संगीता जन्मली तेव्हाच तिच्या आईकडून हिपॅटायटिस बीचा विषाणू माझ्यात शिरला. अंगातल्या राखणदार पेशी अगदीच कोवळ्या. त्यांनी त्याला घरचाच समजून बसायला पाट दिला! सव्वीस वर्षं झाली, मेला हलायचं नाव घेत नाही. मी सुजतं, कुठं कुठं कडकही झालंय. संगीताला पत्ताच नव्हता. गरोदरपणाच्या तपासणीत सगळं कळलं.

बाळंतपणाला ती माहेरी आली. आरोही झाली. नर्स योगिता सुया घेऊन आली, तर संगीताची आई मनकर्णा आडवी आली.

"पाचवी पुजल्याबिगर लेकराला सुई लावायची न्हाई. सटवाईला नशीब लिव्हू द्या आदी."

"मावशी, लई उशीर व्हईल. चोवीस तासांच्या आत टोचावं लागतं."

खरं सांगू? मला आतून बरं वाटलं. थांबा म्हटलं, थांबाच पाचवीपर्यंत! मी एकट्यानंच का सोसावं?

तेवढ्यात संगीता खाटेवर उठून बसली. "आई, माझ्या टायमाला पाचवी पुजली हुतीस ना? मग सटवाईनं माझ्या कपाळी हे कावून लिव्हलं?"

मग मनकर्णानंच नातीचे पाय धरून ठेवले.

एका मांडीत उसने राखणदार, म्हणजे दुसऱ्यांच्या रक्तातून घेतलेली तयार प्रतिद्रव्यं, गेले, दुसरीत लस. लस म्हणजे विषाणूचा नुसता अंगरखा, आत जीव नाही. आरोहीच्या पेशींनी तो न्याहाळला, पुढच्या डोसांना घोकून पाठ केला. उसने राखणदार काही महिन्यांत निघून गेले, पण पेशी पाठ केलेलं वर्षानुवर्षं विसरत नाहीत. तो चोर आला, की बिऱ्हाड थाटायच्या आत त्याला गाठतात. मला कुणी लावली होती अशी शिकवणी?

परवा, सव्वा वर्षाच्या आरोहीचं रक्त तपासलं. योगिता म्हणाली, "विषाणू न्हाई. राखण बी झकास तयार झालीय."

संगीता हसली आणि पदर तोंडाला लावून रडली. मनकर्णानं स्वतःचा हात पुढं केला. "माझं बी रगत बघा आता." मी मात्र जळफळत होतं.

संगीता रोज गोळी घेते. विषाणू दबून राहतो, जात नाही. माझं व्हायचं ते झालं. पण बायांनो, घरात पाळणा हलणार असेल तर आधी रक्त तपासा, आणि सुईसाठी मुहूर्त बघू नका. आरोहीसारखं यकृत प्रत्येक लेकराला मिळू द्या. मी जळेन. जळू द्या मला.