द्रिमीनच्या मानेवरची गाठ

अकरा वाजता गाडी येणार होती आणि मॉसी लायडनच्या एकतीस गाई भरून कत्तलखान्याकडे नेणार होती. फिडेल्मा क्रॉटी नऊलाच येऊन फाटकाबाहेर जीपमध्ये बसली होती. खाली उतरायला पाय धजत नव्हते. अख्ख्या ग्लॅनदारा खोऱ्यात ढोरांची डॉक्टर ती एकटीच. अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून वासरू ओढून काढणारी बाई, पण आज साधं जीपचं दार तिला उघडवत नव्हतं.

गाईंना क्षय लागला होता. तो कुठून आला यावर तीन आठवडे खोऱ्यात नुसती चर्वितचर्वणं चालली होती. कोणी म्हणालं, टेकडीवरच्या सरकारी जंगलात बिळं करून राहणारे बॅजर रात्री कुरणात उतरतात, त्यांनीच आणला. पण बांधापलीकडच्या पॅकी टूमीने सरळ मॉसीचं नाव घेतलं. त्याच्याही बारा गाई गेल्या होत्या. दाणावैरणीच्या दुकानात, भर गर्दीत तो बोलला, "बाजारातून कुठल्या सोम्यागोम्याची कालवड स्वस्तात उचलून आणली या म्हाताऱ्याने, आणि माझा गोठा बसवला!" मॉसीने ऑक्टोबरात एक कालवड आणली होती हे खरंच. त्यामुळे लोकांनी माना डोलावल्या. चाळीस वर्षं या दोघांनी एकमेकांचा मुरघास भरला होता, एकमेकांची गवतं कापली होती. आता पॅकी रस्त्यात मॉसी दिसला की तोंड फिरवायचा.

आणि ती कालवड बिचारी धडधाकट होती. रोग कुठून आला ते एकट्या फिडेल्माला ठाऊक होतं. मॉसीला आज ते सांगायचं, गाई जायच्या आत सांगायचं, असं ठरवून ती आली होती.

गोष्ट गेल्या एप्रिलमधली. क्षयाची तपासणी दर वर्षी व्हायचीच. सोमवारी प्रत्येक गाईच्या मानेवर दोन ठिकाणी सुई टोचायची, एक वर, एक खाली. गुरुवारी येऊन हाताने चाचपायचं, मापाने मोजायचं. खालची गाठ वरचीपेक्षा बरीच मोठी निघाली की ती गाय गेली, तिथे दयामाया नाही. फिडेल्माने सोमवारी शेहेचाळीस गाईंना टोचलं. त्याच संध्याकाळी मॉसीची बायको अट्रॅक्टा गेली. बरेच महिने अंथरुणाला खिळली होती, सुटली म्हणायचं. गुरुवारी दफन ठरलं. आता टोचल्यापासून बहात्तर तासांनी गाठ बघावीच लागते, दफन असो की लग्न असो. म्हणून फिडेल्मा गुरुवारी सकाळी सातलाच पोचली. दूध शेजाऱ्यांनी काढून ठेवलं होतं. घरात जपमाळ चालू होती, स्वयंपाकघरात बायका सँडविचच्या चळती रचत होत्या. आणि मॉसी काळा सूट घालून, पायात चिखलाचे गमबूट घालून, गाई अडकवायच्या खोड्यापाशी येऊन उभा राहिला.

"काका, तुम्ही आत जा. मी बघते सगळं," ती म्हणाली.

"आत काय करू? सगळे माझ्याकडे बघत बसतात. इथे निदान गाई बघत नाहीत."

चाळीसेक गाई झाल्या, सगळ्या स्वच्छ. मग द्रिमीन आली. पाठीवर पांढरा पट्टा असलेली ही गाय अट्रॅक्टाने चुलीशेजारी खोक्यात ठेवून, बाटलीने पाजून वाढवली होती. हाक मारली की कुत्र्यासारखी यायची. फिडेल्माने तिच्या मानेला हात लावला आणि लगेच माप काढलं. मोजलं. परत मोजलं. वरची तीन मिलिमीटर वाढली होती, खालची नऊ.

"काय गं, बरी आहे ना आमची राणी?" मॉसीने विचारलं.

काय बोलणार बाई? समोर रात्रभर न झोपलेला म्हातारा, आत पेटीत त्याची बायको. फिडेल्मा या खोऱ्यात नवी आली तेव्हा पोरीच्या हातून काय होणार म्हणून कोणी बोलवत नव्हतं. पहिलं बोलावणं मॉसीचं, आणि वर जेवायला वाढलेलं ताट अट्रॅक्टाचं. तिने कागदावर दोन्हीकडे तीन लिहिलं आणि म्हणाली, "बरी आहे काका. सगळ्या स्वच्छ आहेत."

"देव पावला! थांब, तिला सांगून येतो," असं म्हणून तो घरात गेला. उघड्या पेटीपाशी वाकून बायकोला सांगितलं त्याने, की तुझी द्रिमीन बरी आहे. दारातल्या बायकांनी ऐकलं आणि डोळ्याला पदर लावावा तसे हातातले फडके लावले.

फिडेल्माने मनाशी पक्कं केलं होतं, दीड महिन्याने गुपचूप यायचं, काहीतरी निमित्त काढायचं, द्रिमीनला वेगळं बांधून परत टोचायचं. पण विण्याचा हंगाम संपता संपेना. जूनमध्ये ती आली, सुईसुद्धा घेऊन आली. मॉसी अंगणात द्रिमीनची पाठ खरवडत होता. म्हणाला, "ही आहे म्हणून सकाळी उठतो गं. नाहीतर कशाला उठायचं?" सुई पिशवीतच राहिली. पुढच्या महिन्यात बघू, मग शरदात बघू. अशी बघू-बघू म्हणणारी माणसं घात करतात, आणि स्वतःला दयाळू समजतात! या मार्चमध्ये तिने पहिला हात द्रिमीनच्याच मानेला लावला. कातडं हाडाला चिकटलेलं, खोकत होती. शेहेचाळीसपैकी एकतीस गेल्या, आणि उरलेल्या पंधरांचं पुढच्या तपासणीला काय होईल ते सांगता येत नव्हतं.

मॉसीने जीपच्या काचेवर टकटक केलं तेव्हा ती दचकली.

"डॉक्टरीणबाई, गाई माझ्या आणि रडायचं तुम्ही? ही काय नवीन पद्धत निघाली?"

ती उतरली. दोघं बांधापाशी उभे राहिले. गोठ्यात गाई हंबरत होत्या, रोजच्या वेळी कुरणात सोडलं नव्हतं म्हणून.

"काका, रोग बॅजरांनी आणला नाही. कालवडीनेही नाही. गेल्या वर्षी द्रिमीनला गाठ आली होती. मी खोटं लिहिलं."

मॉसीने खिशातून रुमाल काढला, तसाच ठेवला.

"किती होती?"

"सहाचा फरक होता."

"आणि तू किती लिहिलंस?"

"फरकच नाही."

"का?"

"तुमच्याकडे बघून. अट्रॅक्टाकाकू आत होत्या. माझ्या तोंडून निघेना."

तो गोठ्याकडे वळला. मग बोलला ते अगदी हळू आवाजात.

"पोरी, त्या दिवशी तू म्हणाली असतीस, मॉसी, ही गाय दे, तर मी दोर तुझ्या हातात दिला असता. घर मागितलं असतंस तरी दिलं असतं. मला कळलंसुद्धा नसतं. माझी बायको पेटीत होती. गाईचं दुःख करायला जागा कुठे होती माझ्याकडे? त्या एकाच दिवशी मला चाललं असतं गं. आज नाही चालत."

फिडेल्मा हमसून हमसून रडू लागली. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला नाही. आधी ठेवला असता.

"मी पॅकीकडे जाते," ती कशीबशी म्हणाली. "त्याला सांगते. वरच्या ऑफिसलाही लिहून देते. तुमच्यावर आळ आहे, तो तरी जाईल."

"आणि मग?"

"मग माझा परवाना जाईल. जाऊ दे. गेलाच पाहिजे."

"वा! तू मोकळी होशील, आणि इथे कोण येईल? तू यायच्या आधी दोन वर्षं डॉक्टर नव्हता या खोऱ्यात. गाय अडली की तीस मैलांवरून माणूस यायचा, तोवर गाय आणि वासरू दोन्ही गार. चाळीस घरं आहेत, फिडेल्मा. सगळी म्हातारी. तू गेलीस की निम्मी पुढच्या हिवाळ्यात गाई विकतील, आणि गाई गेल्या की ती माणसं किती दिवस टिकतात ते मी बघितलंय." त्याने नाक पुसलं. "माझ्या जायच्या त्या गेल्या. कोणाला काही सांगायचं नाही."

"पण पॅकीकाका रोग तुम्हीच आणला असं समजतात!"

"समजू दे."

वळणावरून ट्रॅक्टरचा आवाज आला. पॅकीच होता. या रस्त्यावर कोणी कोणाला भेटलं की स्टिअरिंगवरचं एक बोट वर करायचं, अनोळखी असला तरी करायचं, एवढी साधी रीत. मॉसीने बांधावरून हात वर केला. पॅकीने समोर बघत ट्रॅक्टर तसाच पुढे काढला. मॉसीचा हात थोडा वेळ तसाच वर राहिला.

फिडेल्मा रस्त्याकडे धावली. "पॅकीकाका! थांबा!"

ट्रॅक्टर पन्नास पावलांवर थांबला. पॅकीने मान वळवली. "काय आहे?"

मागून मॉसीने तिची बाही पकडली होती. एवढ्या घट्ट, की शिवण उसवल्याचा आवाज झाला. ती वळली. म्हातारा मान हलवून नको म्हणत होता, आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"काय गं, काय झालं?" पॅकी ओरडला.

"काही नाही," ती म्हणाली. "सहज हाक मारली."

पॅकी गेला. पाठोपाठ त्याच वळणावरून गाई न्यायची गाडी आली, आणि मॉसी फाटक उघडायला गेला.