दुसऱ्या पानावरची चौकट

त्या वर्तमानपत्रात सगळ्यात लहान जागा दुरुस्तीची. दुसऱ्या पानावर, खाली डाव्या कोपऱ्यात, काडेपेटीएवढी चौकट. आदल्या दिवशी आपण काय चुकीचं छापलं ते तिथे सरळ सांगून टाकायचं. मंत्र्याचं वय चुकलं, मेलेल्याच्या जागी त्याच्या जिवंत भावाचा फोटो लागला, हरलेल्या संघाला जिंकवलं, काहीही असो, दुसऱ्या दिवशी चौकटीत कबुली. ती लिहायची एकाच माणसाने. त्याला सगळं ऑफिस दुरुस्तीकाका म्हणायचं.

काकांचा रुबाब असा काही नव्हता. इस्त्री मोडलेला शर्ट, नाकावर घसरलेला चष्मा. पण दरारा होता, आणि तो एका नियमामुळे. थोरल्या मालकांनी, म्हणजे ज्यांनी हे वर्तमानपत्र काढलं त्यांनी, सांगून ठेवलं होतं की चौकट लिहिणाऱ्याशिवाय तिला कुणी हात लावायचा नाही. संपादकानेसुद्धा नाही. "चूक झाकायचा मोह आधी त्यालाच होणार," असं ते म्हणायचे. थोरले मालक गेले, मुलगा खुर्चीवर आला, काचेच्या केबिनी आल्या, जुने नियम एकेक करून अडगळीत गेले. हा तेवढा राहिला. बाकीच्या पानांवर दहा जणांची नजर फिरायची, चौकटीवर फक्त काकांची. त्यामुळे पुढे जे झालं त्याचं खापर फोडायला काकांना दुसऱ्या कुणाचं डोकं मिळालं नाही.

ऑफिसात एक वार्ताहर मुलगी होती. समोरच्याला टोचेपर्यंत प्रश्न विचारायची म्हणून तिला सगळे टाचणी म्हणायचे. तिने एका आठ मजली इमारतीची बातमी आणली. इमारत फार जुनी नव्हती, पण तळमजल्यावर, गाड्या लावतात तिथल्या खांबांना भेगा पडल्या होत्या. टाचणीने भेगेत पेनाची रिफिल घालून फोटो काढला होता. अर्धी रिफिल आत गेली होती. टेकू लावेपर्यंत इमारत रिकामी करा, असं एका इंजिनियरने नाव देऊन सांगितलं होतं.

काकांची धाकटी बहीण त्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर राहायची. त्यामुळे बातमी छापायच्या आधी काकांनी स्वतः इंजिनियरला फोन लावला आणि त्याला अगदी खोदून खोदून विचारलं. फोटो मोठा करून पाहिला. बातमी शंभर नंबरी खरी होती. ती पहिल्या पानावर आली आणि संध्याकाळपर्यंत निम्मी इमारत रिकामी झाली. बहीण नवऱ्याला घेऊन थोरल्या जावेकडे राहायला गेली.

मग काकांना मालकांच्या केबिनमध्ये बोलावणं आलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच.

"या साहेब, बसा. नाही नाही, तिथे नाही. इथे सोफ्यावर बसा," मालक म्हणाले. संपादक आधीच येऊन बसले होते. एसीचा रिमोट हातात घेऊन त्यावरची बटणं ते वाचत होते.

"पेपरवर लोकांचा विश्वास आहे तो तुमच्या चौकटीमुळे. बाबा नेहमी म्हणायचे," मालकांनी सुरुवात केली. काकांना माहीत होतं की आपल्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवताहेत. तरी चढताना बरं वाटतं, त्याला काय करणार!

"तो बिल्डर आपला जुना माणूस. त्याच्या जाहिराती येतात म्हणून म्हणत नाही हं मी. टेकू तो लावणारच आहे, लगेच लावतो म्हणालाय. पण तोवर बँकवाले, गिऱ्हाइकं, सगळे त्याच्या बोकांडी बसलेत. भेगा नुसत्या गिलाव्याच्या आहेत, एवढं एक वाक्य चौकटीत आलं तर त्याला श्वास घेता येईल. मी तुम्हाला सांगू शकत नाही, नियम आहे. मी आपली विनंती करतोय. साहेब, चहा घ्या ना."

चहा चांगल्या कपबशीतून आला होता. काकांनी तो संपवला आणि जागेवर येऊन ते वाक्य लिहिलं. भेगा खांबांच्या नसून गिलाव्याच्या आहेत, चुकीबद्दल दिलगीर आहोत. लिहिताना त्यांनी मनाची समजूत काढली की टेकू लागणारच आहेत, बहीण तर बाहेरच आहे, आणि काडेपेटीएवढी ती चौकट वाचतंय तरी कोण! जन्मभर ज्याने ती चौकट लिहिली त्याला नेमकं त्याच दिवशी असं वाटावं, याला काय म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी टाचणी त्यांच्या टेबलापाशी आली. भांडायला आली असती तर बरं झालं असतं.

"काका, माझं कुठे चुकलं ते दाखवा ना. परत करणार नाही."

"अगं, तसं काही नाही. जरा शब्द जास्त झाले होते."

"कोणता शब्द?"

काका चष्मा शोधायला लागले. टेबलावर पाहिलं, खण उघडून पाहिला. चष्मा नाकावरच होता. टाचणी निघून गेली. त्यानंतर ती त्यांच्याशी कामापुरतंही बोलेना. काकाही चहाला उठायचे ते ती जागेवर नाही असं पाहून.

काही दिवसांनी दुपारी बहिणीचा फोन आला. आवाज अगदी खुशीत होता.

"दादा, आम्ही परत आलो हं!"

"परत? कुठे परत?"

"घरी, आणखी कुठे? तुझी दुरुस्ती वाचली आणि जीव भांड्यात पडला. जाऊबाईंकडे रोज एकेक टोमणा गिळत होते मी. हे म्हणाले, दादांना एकदा विचारून घे. मी म्हटलं, त्यात विचारायचं काय? दादाच्या चौकटीत आलंय!"

"खाली टेकू लावलेत का गं?"

"टेकू कशाला? गिलाव्याच्याच भेगा ना? तूच तर लिहिलंस. बुजवून रंग दिलाय सगळीकडे. छान पिवळा दिलाय."

काकांनी फोन ठेवला आणि मिळेल ती रिक्षा पकडून ते इमारतीवर पोचले. तळमजल्यावर खांब खरोखरच पिवळेधमक होते. टेकूचा पत्ता नव्हता. लिफ्टशेजारच्या फळ्यावर त्यांचीच दुरुस्ती कापून लावलेली होती आणि तिच्याखाली लाल शाईने नीट रेघ ओढलेली होती. काकांनी तिच्याकडे पाठ करून लिफ्टचं बटण दाबलं.

बहिणीने दार उघडलं. काका दारातच म्हणाले, "भेगा खांबांच्याच आहेत. बातमी खरी होती. मी खोटं लिहिलं."

"चुकून?"

"नाही."

"आम्ही इथे राहतो हे माहीत असताना?"

"तुम्ही तर जाऊबाईंकडे होतात ना," काका म्हणाले, आणि स्वतःच्याच कानांनी ते ऐकून मेल्याहून मेल्यासारखे झाले.

बहिणीने कपाटावरची बॅग काढली, कपडे भरले, नवऱ्याला फोन करून कामावरून परस्पर जाऊबाईंकडे जायला सांगितलं. काकांनी बॅग उचलली. दोघं बाहेर आली तर समोरचं दार उघडंच होतं आणि दारात एक म्हातारी बाई उभी होती. निवृत्त शिक्षिका. सगळी इमारत तिला मास्तरीणबाई म्हणायची, बहीण मावशी म्हणायची.

"हे काय? पुन्हा कुठे निघालात?" बाईंनी विचारलं.

"काही नाही हो. हिला रंगाचा वास सोसत नाही," काका म्हणाले.

किती सहज तोंडातून निघून गेलं! बहिणीने त्यांच्याकडे पाहिलं. लहानपणी फुटलेल्या बरणीचा आळ तिच्यावर ढकलला होता, तेव्हाही तिने असंच पाहिलं होतं. तिने त्यांच्या हातातली बॅग काढून घेतली आणि खाली ठेवली.

"मावशी, हा माझा दादा. तुमच्या त्या चौकटीत हाच लिहितो. दादा, सांग यांना."

बाईंचा चेहरा खुलला. "तुम्हीच ते? अहो, किती चुका कळवल्यात मी तुम्हाला! तुम्ही एकही कधी दडवली नाहीत. मी सगळ्यांना सांगते, पेपरात ती चौकट आधी वाचा. परवाची खाली मीच लावली. लोक घाबरून पळाले होते, एकेकाला फोन करून मीच परत बोलावलं. दुसऱ्या मजल्यावरची ती बाळंतीणसुद्धा आली बघा."

काकांना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण आता मागे फिरायला जागा नव्हती. त्यांनी सगळं सांगितलं. मालकांचा सोफा, चहा, एक वाक्य. सांगताना ते वाक्य आणखीनच किरकोळ वाटत होतं.

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "म्हणजे बातमी खरी आणि दुरुस्ती खोटी. बरं. आणि आत्ता सांगताय ते?"

"ते खरं आहे."

"कशावरून?"

काकांकडे एकच पुरावा असायचा, तो म्हणजे चौकट.

"हे बघा," बाई म्हणाल्या, "इतक्या घरांना मी शब्द दिलाय, तुमच्या भरवशावर. आता जिन्यात एक माणूस काहीतरी सांगून गेला म्हणून त्यांना पुन्हा बाहेर काढू? ऐकतील का माझं? जिथे खोटं छापलंत तिथेच खरं छापून आणा. तोवर मी हलत नाही."

"मग मीपण नाही," बहीण म्हणाली आणि बॅगेवर बसली.

काकांनी तिला समजावलं, दटावलं, शेवटी हाताला धरून ओढलं. ती जागची हलली नाही. तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आठ मजल्यांवरच्या लोकांना त्यांनी परत आणलं होतं आणि न्यायला आले होते फक्त एकीला, तेही बाकीच्यांना कळू न देता. खोटं लिहिल्याची लाज होतीच, पण ही लाज तिच्याहून मोठी निघाली.

ते ऑफिसात पोचले तेव्हा दुसरं पान जुळवायला घेतलं होतं. काका उभ्या उभ्याच लिहायला लागले. या चौकटीत त्या इमारतीविषयी आम्ही जे लिहिलं ते खोटं होतं. ती चूक नव्हती, जाणूनबुजून लिहिलं होतं. भेगा खांबांच्याच आहेत. इमारत ताबडतोब रिकामी करावी. मूळ बातमीत वार्ताहराची काहीही चूक नव्हती.

टाचणी केव्हा मागे येऊन उभी राहिली ते त्यांना कळलं नाही. तिने पूर्ण वाचलं.

"कोणते खांब तेही लिहा," ती म्हणाली. "जिन्याजवळचे दोन्ही. लोक त्याच बाजूने उतरतील."

काकांनी तेवढं घातलं. ते तिच्याकडे वळले तेव्हा ती परत जागेवर जाऊन बसली होती.

पान जुळवणाऱ्याने मजकूर वाचला आणि आ वासला. "काका, वर विचारू का?"

"नियम काय आहे आपला?"

"तुमच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही."

"मग लाव."

त्याने लावला. कुणी अडवलं नाही, कुणी धावत आलं नाही. पान निघून गेलं. काका रिकाम्या स्क्रीनकडे बघत राहिले. इतकं सोपं होतं तर! मग त्या दिवशी 'नाही' म्हणणंही इतकंच सोपं होतं. मालकांनी धमकावलं असतं, नोकरीवर गदा आणली असती, तर निदान सांगायला काही उरलं असतं. एक चहा आणि दोनदा 'साहेब', एवढ्यात आपण विकलो गेलो, हे त्यांना कुणापाशी बोलताही येणार नव्हतं.

सकाळी ते इमारतीवर गेले. जिन्याजवळच्या खांबांभोवती कुणीतरी दोरी बांधली होती आणि लोक पलीकडच्या दाराने सामान काढत होते. कुणी त्यांना ओळखत नव्हतं. एक माणूस गादी खांद्यावर घेऊन पेपरवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत त्यांच्या शेजारूनच गेला. दुसऱ्या मजल्यावरची बाळंतीण, बाळ आणि तिची आई सगळ्यांच्या आधी बाहेर पडली होती. खिशातला फोन दोनदा वाजला. तिसऱ्यांदा त्यांनी उचलला. मालक होते. या वेळी 'साहेब' नव्हतं. "उद्यापासून यायची गरज नाही," एवढंच म्हणाले. चौकटीच्या जागी आता छोट्या जाहिराती लागणार होत्या.

बहीण पाठीवर एक आणि हातात एक पिशवी घेऊन खाली उतरली. "मावशींची बॅग वर आहे, जड आहे. ती आण," एवढं बोलून ती रस्त्याकडे गेली.

लिफ्ट बंद केली होती. काका जिना चढून गेले. बाई घराला कुलूप लावत होत्या. त्यांनी किल्ली दोनदा फिरवून पाहिली, कुलूप ओढून पाहिलं आणि बॅगेकडे बोट केलं. काकांनी ती उचलली.

"खरं छापलंत, बरं केलंत," बाई म्हणाल्या. "पेपर मात्र मी बंद केलाय."

"माझं चुकलंच," काका म्हणाले.

"चुकलं म्हणून नाही हो. चुका मी जन्मभर तपासल्या, त्याचा मला कधी कंटाळा आला नाही. पण आता दुरुस्तीसुद्धा तपासायची म्हटली, तर माणसाने पेपर वाचायचा तरी कशाला?"

त्या कठड्याला धरून सावकाश उतरू लागल्या. काकांनी बॅग या हातातून त्या हातात घेतली आणि ते त्यांच्या मागोमाग उतरले.