अर्ध्यावर थांबणारी तबकडी

माघातली दुपार. खळ्यात लाल मिरच्यांचे वाळवण पसरलेले, हवेत त्याचा नाकाला झोंबणारा दर्प, आणि त्या लाल पसाऱ्याच्या कडेला, कडुलिंबाच्या विरळ सावलीत, एक उंच, खांद्यातून किंचित वाकलेला माणूस धोतराच्या सोग्याने एका काळ्या तबकडीवरची धूळ टिपतो आहे. महादेवभाऊजींची आठवण मला अशीच येते. वाफ्यातले चिवट तण मुळासकट उपटणारी ती राकट बोटे तबकडीच्या कडेला मात्र इतकी बिचकत टेकायची, जशी नवी आई बाळाच्या टाळूला तेल लावताना बिचकते.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. वडनेरच्या शिवारात त्यांचा विहिरीवरचा भाजीमळा होता. मी त्याच गावच्या बोर्डाच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो आणि अक्काकडेच राहू लागलो. घर सुबत्तेचे होते, पण नि:शब्द. रांगू लागलेली त्यांची एकुलती लेक आदल्या वर्षीच तापाने गेली होती. अक्का माहेरी असल्यापासून स्वत:च्या ओव्या रचायची. पहाटे तिच्या गळ्याने आमच्या घरी दिवस उजाडायचा. आता जाते फिरायचे, पीठ पडायचे, पण त्या घरघरीवर स्वर चढायचा नाही. भाऊजींनी तिला ‘गा’ म्हणून कधी म्हटले नाही. मात्र पहाटे ते जागे असत, आणि जाते थांबेपर्यंत अंथरुणातून उठत नसत.

खामगावच्या एका कापूस कंपनीच्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर त्यांची भाजी जायची. लढाईच्या धामधुमीत साहेब विलायतेला परतला आणि बंगल्यातल्या सामानाचा हर्रास झाला. भाऊजी गेले होते बागेतली लोखंडी झारी मिळते का पाहायला. परतले ते बंडीत गोणपाटाखाली चाबीचा ग्रामोफोन आणि तबकड्यांची पेटी घेऊन. अक्का दारात येऊन पाहत राहिली.

“हे काऊन आणलं?”

“घरात कोनीतरी बोलाले पाहिजे,” भाऊजी खाली मान घालून म्हणाले.

अक्का वळून आत गेली.

पेटीत बहुतेक नाचाच्या तबकड्या होत्या. गावाला त्यांची गंमत चार दिवस पुरली. एक तबकडी मात्र तळाशी, मळकट तपकिरी पाकिटात एकटी पडलेली होती. तिच्यावरचा कागद ओल लागून फुगला होता, अक्षरे परक्या भाषेतली, मलाही न लागणारी. भाऊजींनी ती लावली. आधी सुईची खरखर, मग पियानोचे थेंबासारखे विरळ स्वर, आणि त्यांच्या खालून एका मोठ्या तंतुवाद्याचा खर्ज असा वर येऊ लागला, जसा भरल्या मोटेचा नाद विहिरीच्या अंधारातून उजेडाकडे चढत येतो. त्या स्वरांत विलाप नव्हता, विनवणीही नव्हती. एक दीर्घ, संयत चालणे होते, मावळतीकडे तोंड करून निघालेल्या कुणाचे तरी. आणि तो स्वर सर्वांत उंच चढला, आता उलगडणार असे वाटले, तोच तबकडी संपली. पुढची सुरावट दुसऱ्या तबकडीवर असणार, आणि ती पेटीत नव्हती.

भाऊजींनी सुई उचलून ठेवली. मग म्हणाले, “मास्तर, हे गानं सांगता सांगता थांबून राह्यलं.”

त्या दिवसापासून त्यांना एकच ध्यास लागला. दुसरी तबकडी शोधायची, आणि तोवर पहिली लोकांना ऐकवायची. बाजाराच्या दिवशी ते अकोल्यापर्यंत जाऊन जुन्या सामानाची दुकाने धुंडाळत, नांदुऱ्याच्या स्टेशनवर बदलून जाणाऱ्या बाबूंना विचारत. घरी आलेल्या कुणालाही ते तबकडी ऐकवल्याशिवाय जाऊ देत नसत. पाहुण्याला खळ्यात बसवायचे, पाण्याचा गडवा द्यायचा, आणि सांगायचे, “पह्यल्यांदा काही समजनार नाही. समजून घेऊ नोका. दुसऱ्यांदा आइका, मंग आपोआप येते.” पाटील हसून उठून गेले. भजनी मंडळाच्या बुवांनी पेटीवर ते स्वर शोधून पाहिले आणि म्हणाले, “महादेवा, याले ना टाळ लागे ना ठेका. कायचं गानं हे!” भाऊजींना राग येत नसे. ते फक्त पुन्हा चाबी भरत. मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहायचो. ऐकणाऱ्याचा चेहरा जिथे सैल पडेल तो क्षण टिपायला ते टपलेले असत. स्वत:च्या आनंदापेक्षा दुसऱ्याच्या कानात तो उगवताना पाहणे त्यांना अधिक प्रिय होते. स्वयंपाकघराच्या दाराआड अक्काची सावली कधी कधी स्थिर होई. भाऊजी तिकडे कटाक्षाने पाहत नसत.

मिशनच्या दवाखान्यात एक परदेशी डॉक्टरीणबाई होत्या. तिथेही भाऊजींची भाजी जायची. एके दिवशी कोबीच्या गड्ड्यांमध्ये, पानांच्या मऊ गादीत ती तबकडी ठेवून ते निघाले. मीही बरोबर गेलो. बाईंनी फुगलेला कागद भिंगाखाली धरला, अक्षरे जुळवली, आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

“ही रचना एका स्त्रीची आहे,” त्या आपल्या पुस्तकी मराठीत म्हणाल्या. “फार जुन्या काळातली. मी लहानपणी संगीत शिकले, पण माझ्या शिक्षकांनी हिचे नाव कधी उच्चारले नाही. लोक हिला विसरले आहेत.”

“बाईनं रचेल हाये?” भाऊजींनी दोनदा विचारले.

परतीच्या वाटेवर ते बैलांना घाईने हाकत होते. तुरीच्या वाळल्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळत होत्या, ज्ञानगंगेच्या पात्रात उन्हे तिरपी झाली होती. घरी पोचताच बैलही न सोडता ते सरळ चुलीपाशी गेले.

“आइकलं का? ते गानं बाईनं रचेल हाये. तुह्यासारख्या एखाद्या बाईनं. साऱ्या जगानं तिले इसरून टाकलं.”

अक्काने फुंकणी खाली ठेवली. पदराने कपाळ पुसले. “पुन्हा लावा बरं ते,” ती म्हणाली.

ती प्रथमच बाहेर येऊन बसली. संध्याकाळचा पिवळा उजेड वाळवणावर उतरला होता. सुई फिरू लागली, खर्ज वर चढू लागला, आणि नेहमीच्या ठिकाणी, त्या उंच काठावर, तबकडी संपली. भाऊजी चाबीकडे हात नेत होते. तो हात तसाच थांबला. अक्का गुणगुणू लागली होती. जिथे परक्या देशातल्या त्या स्त्रीचा स्वर तुटला होता तिथूनच तिने तो उचलला, आणि आपल्या ओवीच्या ओळखीच्या उतरणीवरून हळूहळू खाली आणला. मग शब्द आले, कापरे, पण स्पष्ट:

“माह्या अंगनी चिमनी, दाने टिपून उडाली,
तिच्या पावलाची नक्षी, सारवनात राह्यली.”

भाऊजींनी तोंड फिरवले. त्यांची पाठ तेवढी हलताना मला दिसत होती. मी उठून बैल सोडायला गेलो. तिथे माझे थांबणे योग्य नव्हते.

त्यानंतर त्यांनी दुसरी तबकडी शोधली नाही. मी एकदा विचारले, तर म्हणाले, “आता काऊन? भेटलं ना पुढचं.” लोकांना ऐकवण्याचा त्यांचा छंद मात्र सुटला नाही; फक्त आता ते पाहुण्यांना पहाटेपर्यंत मुक्कामाला थांबवून घेत. “सकाळी आमच्या घरात जातं आइकजा,” म्हणत. हसत निघून गेलेले पाटीलही एकदा मुक्कामी राहिले, आणि सकाळी चहा न घेता, डोळे पुशीत गेले. अक्काच्या ओव्या आधी गल्लीतल्या, मग पंचक्रोशीतल्या बायांच्या गळ्यांत उतरल्या. कुणी रचल्या हे त्यांतल्या अनेकींना ठाऊक नव्हते. भाऊजींना ते खपत नसे, लग्नघरी, बाजारात, कुठेही ती ओवी कानी आली की ते थांबून सांगत, “हे आमच्या घरचीनं रचेल हाये बरं!” अक्का लाजून आत पळायची, पण पळता पळता हसायची.

पुढे माझी बदली झाली. वऱ्हाडातून मी दूर गेलो, संसारात पडलो. भाऊजी एका शिशिरात, मळ्यातून येऊन ओसरीवर टेकले ते उठलेच नाहीत. अक्काही काही वर्षांनी गेली. त्यांचे चेहरे आता मला पूर्ण आठवत नाहीत. एखादी भुवई, एखादा हात, हसण्याची एखादी लकेर, इतकेच काळाने माझ्यापाशी ठेवले आहे. मात्र एक सवय भाऊजींची मला लागली, ती सुटत नाही. कुठे काही सुरेल कानी आले की मी नकळत शेजारी पाहतो, तिथल्या माणसालाही ऐकू आले का म्हणून. आणि शेजारची जागा रिकामी दिसली की त्या क्षणी, कुठल्याही पंचांगाशिवाय, मला कळते किती काळ लोटला ते.