शेवटच्या ओळीतलं नाव

सुखदेव सोमकुवरच्या पहिल्या स्मृतिदिनाला इंदू रामाकोन्याहून सकाळच्या बसनं निघाली, ती रडायला नव्हे. रडण्यात तिचं एक वर्ष गेलं होतं, तेवढं पुष्कळ झालं. आज सौंसरच्या बाजाराच्या मैदानात तिच्या भावाच्या नावानं मंडप पडला होता आणि त्या मंडपात माइकवरून एक गोष्ट सांगितली जाणार होती. सुखदेवनं पांढुर्ण्यापासून छिंदवाड्यापर्यंत गाजवलेली एकतीस गाणी त्यानं रचलेली नव्हती. ती त्याच्या मोठ्या बहिणीनं, म्हणजे इंदूनं रचली होती.

सांगणार होता देवीदास, सुखदेवच्या गाण्याच्या पार्टीत पेटी वाजवणारा. हे ठाऊक असलेलं इंदूखेरीज आता तेवढंच एक माणूस उरलं होतं. आठ दिवसांपूर्वी तो मुद्दाम रामाकोन्याला आला होता. चहाची बशी हातात धरून म्हणाला, "इंदूबाई, ते समितीवाले लोकं भाऊच्या गाण्याचं पुस्तक छापून राहिले. नागपूरच्या प्रेसमधी काम लागलं बी. एकदा छापलं का मंग झालं. म्या सांगतो स्टेजवरून. तुम्ही फक्त येजा."

इंदू त्याची बशी उचलून आत गेली. पण त्या आठ दिवसांत तिला धड जेवण गेलं नाही, हेही खरं.

ती पार्टी ज्यांनी ऐकली नाही त्यांना आता सांगून काय कळणार! इंदूचा बाप रामाजी जुन्या जलशात होता. जलसा म्हणजे ढोलकी-पेटी घेऊन गावोगाव जायचं आणि गाण्यातून लोकांना सांगायचं की बाबांनो, माणूस म्हणून ताठ उभे राहा. पुढे सिनेमाची गाणी भोंग्यावर आली, जलसेवाले म्हातारे झाले आणि ढोलक्या आढ्याला टांगल्या गेल्या. एकोणऐंशी साली सुखदेवनं तो जलसा पुन्हा उभा केला. तेव्हा तो संत्र्याच्या पेट्या ट्रकवर चढवायचा, वय पंचवीस. बौद्ध मोहल्ल्यातली चार पोरं त्यानं धरली. पांढुर्ण्याचा देवीदास धरला, जो बागायतदार कुणब्याचा मुलगा आणि घरच्यांच्या शिव्या खाऊन पेटी शिकलेला. शिवाय सावरगावच्या लग्नाच्या बँडातला एक क्लॅरिनेटवाला उचलून आणला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीच्या रिवाजानं जाम नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना दगड मारणारी ही गावं, आणि त्यांची माणसं एका सतरंजीवर बसून गायची. चाली जुन्याच, पण अंग नवं. ढोलकीच्या दोन थापांमधल्या रिकाम्या जागेत देवीदासची पेटी पडायची. म्हातारे म्हणायचे ताल चुकून राहिला, आणि पोरांचे पाय तोवर उचललेले असायचे. पुढे सुखदेव. काळी पँट, पांढरा शर्ट, डोक्यावर नागपूरच्या जुन्या बाजारातली फेल्ट हॅट. गाता गाता तो जागच्या जागी असा काही नाचायचा की कडेवरची लेकरंसुद्धा हसायची.

आता जो तो म्हणतो, आम्ही पहिल्या रांगेत होतो. सगळे खरं बोलत असते तर पहिली रांग थेट नागपूरला जाऊन पोचली असती.

पहिलं गाणं इंदूनं संत्री निवडता निवडता जुळवलं. मोठं इकडे, बारीक तिकडे, हात आपले चालू, आणि मनात ओळी. विहिरीचं गाणं ते, गावच्या पाण्यावर चालणाऱ्या शिवाशिवीचं. सातवी शिकलेली, अक्षर चांगलं; घरी येऊन तिनं ते वहीत उतरवलं आणि भावापुढं टाकलं. सुखदेवनं ते अक्षर लावत लावत दोनदा वाचलं. मग म्हणाला, "बाई, शेवटच्या ओळीत नाव तं टाक."

जलशाची रीतच ती. शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव यायचं. रामाजीनं मुलांना लहानपणीच सांगून ठेवलं होतं की ज्याचं नाव शेवटी, त्याचं गाणं, मग त्यावर वाद नाही. इंदूनं ओळ म्हणून पाहिली. 'इंदू म्हणे' तिथं बसतही होतं. पण तिचं तेव्हा, उशिरानं का होईना, लग्न ठरत होतं. दहा गावांच्या भोंग्यांवरून पोरीचं नाव पुकारलं जाणार, तेही विहिरीच्या भांडणात, हे सासरी कोण खपवून घेणार? आणि खरं सांगायचं तर भाऊ लाडका होता. तिनं पेन्सिलीनं लिहिलं, 'सुखदेव म्हणे'.

"हे काही बरं नाही, बाई," सुखदेव म्हणाला. "एक दिवस तुह्यं नाव घालूच."

तो एक दिवस काही आला नाही. गाणी मात्र येत गेली, माहेरपणाला आली की दोन, राखीला एक. प्रत्येकाच्या शेवटी सुखदेव. पहिल्यांदा तो लाजायचा. मग लाजेनासा झाला. पंच्याऐंशी साली नागपूरच्या एका पेपरात त्याचा फोटो आला, टोपीसकट, आणि खाली त्याचे शब्द छापलेले होते: 'गाणी मला चालता चालता सुचतात. कुठून येतात, माझं मलाच कळत नाही.' इंदूला चांगलं कळत होतं कुठून येतात ते. तिनं पेपर घडी करून ठेवला आणि भावाशी बोलणं टाकलं. त्यानं दोनदा निरोप पाठवला, ती गेली नाही. तिसरा निरोप कावीळ झाल्याचा आला. ती पोचली तेव्हा त्याला माणसं ओळखू येत नव्हती. असा राग माणसानं करू नये, आणि केला तर कसा फेडावा हेही कुणी सांगत नाही.

मंडपात पोचल्यावर पहिल्यांदा दिसले ते केशवराव, स्मृती समितीचे अध्यक्ष. पांढरे शुभ्र कपडे, छातीला बिल्ला. एक्क्याऐंशी साली हेच केशवराव आपल्या गावचे सरपंच होते आणि ह्यांच्याच माणसांनी विहिरीचं गाणं तिसऱ्या कडव्यावर आलं तेव्हा माइकची तार उपटली होती. सुखदेवनं मग बिनमाइकचं गाणं म्हटलं होतं, घसा फुटेस्तोवर. आज केशवराव सुखदेवच्या मोठ्या फोटोला हार घालत होते आणि हार घालून झाल्यावर फोटोवाल्याला नीट दिसावं म्हणून परत एकदा घालत होते. मेलेल्या गवयाची एक सोय असते, तो कुणाच्याही गावात गायला बसत नाही.

"या, या, इंदूबाई," केशवराव म्हणाले. "तुम्ही बायकांच्या समोर बसा, पहिल्या लाइनमधी. सुखदेव हम सबका था!"

भाषणं झाली, निम्मी हिंदीत. मग देवीदासचं नाव पुकारलं. इंदूनं पदर सावरला आणि पाठ ताठ केली.

देवीदास माइकपुढं उभा राहिला. समोर हजारभर माणसं, कित्येकांच्या डोळ्यांत पाणी. त्यानं फोटोकडे पाहिलं, केशवरावांकडे पाहिलं, इंदूकडे मात्र पाहिलं नाही. "भाऊंनो," तो म्हणाला, "सुखदेव गेला आन माही पेटी मुकी झाली. असा शाहीर पुन्हा होणे नाही." तेवढं बोलून त्यानं रुमालानं डोळे पुसले आणि पेटीमागं जाऊन बसला. टाळ्या पडल्या. बायकांत हुंदके उठले. इंदूच्या शेजारणीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, तिला वाटलं हिला भावाची आठवण झाली. भेकड मेला! एक वाक्य होतं, तेवढंही ह्याच्या तोंडातून निघेना.

नंतर गाणं. सुखदेवच्या मागं उभा राहून झील धरणारा प्रकाश आता पार्टीचा पुढचा गवई झाला होता. बावीस-तेवीसचा, गळा चांगला, आणि टोपीही तशीच मिळवलेली. त्यानं विहिरीचं गाणं धरलं. देवीदासची मुकी पेटी लगेच बोलू लागली. दोन थापांच्या मध्ये सूर पडला आणि सगळ्या मंडपाचे पाय हलले. काय चाल होती ती! रागातसुद्धा इंदूचा अंगठा चटईवर ठेका धरू लागला. शेवटचं कडवं आलं.

*विहीर एकच, पाणी एकच, दोर कशाला दोन?*
*प्रकाश हा म्हणे, तहान पुसेना, पिणारा आहे कोण.*

इंदू उठली कधी आणि स्टेजवर चढली कधी, हे तिलाही नंतर नीट आठवेना. "बंद कर!" ती ओरडली. ढोलकी थांबली. "कोणाचं नाव घेतलं तू?"

प्रकाश गांगरला, पण माइक त्याच्या तोंडाशीच होता. "बाई, आता म्या गातो. जो गाते त्याचं नाव येते शेवटी. तशी रीतच हाय."

"रीत रचणाऱ्याची हाय. गाणाऱ्याची नाही."

"मंग सुखदेवभाऊनं तरी कुठी रचलं होतं?" प्रकाश पटकन बोलून गेला. "म्या सात वर्सं संग होतो त्याच्या. त्याले चिठ्ठी धड लिहिता येत नव्हती. गाणे कुठून तरी लिहून यायचे. मंग त्यानं नाव टाकलं तं चालते, आन म्या टाकलं तं नाही चालत?"

भोंग्यातून हे सगळं मैदानभर गेलं. मग मागून एकजण म्हणाला, "म्हंजे? दुसऱ्याचे गाणे आपल्या नावानं गात होता का सुखदेव?" दुसरा हसला, "आन आम्ही त्याले शाहीर म्हणून राहिलो!" केशवराव खुर्चीत सरकून बसले. त्यांच्या तोंडावर काळजी होती, आणि त्या काळजीच्या आड थोडी गंमतही. देवीदास पेटीच्या पट्ट्यांकडे बघत होता.

हीच वेळ होती. प्रकाशनं अर्धं दार उघडून दिलं होतं. इंदूनं फक्त 'माझं' एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आला. पण तो बाहेर पडला की पाठोपाठ दुसरा शब्द पडणार होता, आणि तो ही माणसं उच्चारणार होती, सुखदेवच्या फोटोसमोर, त्याच्या स्मृतिदिनाला. चोर. घसा फुटेस्तोवर बिनमाइकचं गाणारा तिचा भाऊ उद्यापासून चोर होणार होता. ज्यांनी तार उपटली ते त्याला तसं म्हणणार होते, आणि सगळ्यांत मोठ्यानं म्हणणार होते. ती त्याच्यावर रागावून बसली होती आणि तो तसाच मेला होता. आता आणखी हे?

तिनं माइक ओढून घेतला.

"हे गाणं सुखदेवचं हाय," ती म्हणाली. "सगळेच गाणे त्याचे हाय. त्याले लिहिता येत नव्हतं, म्हणून तो बोलायचा आन म्या लिहून घेत होती. माह्या डोयासमोर रचले त्यानं. त्याचं नाव काढशीन तं याद राख, प्रकाश. म्हण आता."

मैदान टाळ्यांनी फुटलं. प्रकाशनं कान पकडले, इंदूच्या पाया पडला आणि शेवटचं कडवं पुन्हा म्हटलं, 'सुखदेव म्हणे'. लोकांनी तीनदा म्हणायला लावलं. बायका उभ्या राहून रडत होत्या. असं यश त्या गाण्याला सुखदेव जिवंत असताना क्वचित मिळालं असेल. इंदू माइकजवळ उभी होती आणि तिला एकाएकी फार थकल्यासारखं झालं.

कार्यक्रम संपल्यावर केशवरावांनी तिला मंडपाच्या मागं बोलावलं. माणूस हुशार, ह्यात शंका नाही. "इंदूबाई, तुम्ही आज मोठं काम केलं," ते म्हणाले. "उद्या असा कोणी बी प्रकाश उठन आन म्हणन गाणे त्याचे नाही. पुस्तकात पहिल्याच पानावर तुमचं लेखी पाहिजे. देवीदास, तुमचं अक्षर चांगलं हाय, लिहा."

देवीदासनं कागद मांडीवर घेतला. मग मान वर न करता हळूच म्हणाला, "इंदूबाई, काय लिहू?"

"आता इचारता?" इंदू म्हणाली. "आइकलं ना तुम्ही बी? लिहा तेच."

तो लिहीत गेला. 'या पुस्तकातील सर्व एकतीस गाणी माझे बंधू सुखदेव यांनी माझ्या समक्ष रचली आहेत. मी ती केवळ उतरवून घेतली.' कुठं खाडाखोड नाही, एक काना इकडचा तिकडे नाही. लिहून झाल्यावर त्यानं कागद आणि पेन तिच्यापुढं धरलं.

"पूर्ण नाव लिहा बाई, वळणदार," केशवराव म्हणाले. "प्रेसवाला ठसा करून घेते. पुस्तकात जसंच्या तसं छापून येईन तुमचं नाव."

इंदूनं खाली वाकून पूर्ण नाव लिहिलं.