वीसपैकी दोन

मी एक ॲल्युमिनियमचा डबा बोलतोय. नाशिकच्या एका कॉलेजात, प्रयोगशाळेतले शिपाई मल्हारीमामा यांची भाकरी मी बावीस वर्षं सांभाळली. भाजी रोज बदलायची, मी तोच.

मामा निवृत्त होऊन नामपूरला मुलाकडे निघाले, तेव्हा साधना मॅडमनी मला मागून घेतलं. मॅडम एक नवा अभ्यासक्रम आखत होत्या. विषय होता, विचार कसा करावा. त्याची परीक्षा कशी घ्यावी, हे त्यांना सुचत नव्हतं, कारण मुलं गाईडमधली उत्तरं पाठ करून यायची. शेवटी त्यांनी मामांना सांगितलं, यात काहीतरी घाला, कडा एम-सीलने बंद करा आणि काय घातलं ते मलासुद्धा सांगू नका. मामांनी तसं केलं आणि ते गावी गेले.

परीक्षेत मुलांनी मला हलवलं, तिरपं केलं, वजन केलं, चुंबक लावून पाहिला. उघडायला मनाई होती. सनी नावाच्या मुलाने चार पानं लिहिली. प्रत्येक निरीक्षणाखाली कारण, आणि शेवटी निष्कर्ष की आत बहुतेक लाकडी ठोकळा असावा. त्याला वीसपैकी सतरा मिळाले. निफाडकडून रोज एसटीने येणाऱ्या चैतालीने तीनच शब्द लिहिले: धार लावायचा दगड. तिला दोन.

चैताली प्राचार्यांकडे गेली. उत्तर न दाखवता गुण कापता येतात का, एवढंच तिचं विचारणं होतं. अभ्यासक्रमाचं पहिलंच वर्ष, प्राचार्यांना तक्रार नको होती. त्यांनी डबा उघडायला लावला. मॅडमनीच स्क्रू ड्रायव्हरने माझी कड उचकटली. टेबलावर धार लावायचा दगड पडला.

मग प्राचार्य म्हणाले, हिला पूर्ण गुण द्यावे लागतील. मॅडमना ते पटलं नाही. नुसता अंदाज बरोबर आला म्हणून गुण दिले, तर उद्यापासून सगळे अंदाजच करतील, असं त्यांचं म्हणणं. त्या चैतालीकडे वळल्या.

"तुला कसं कळलं?"

"तिरपा केला तर गडगडत नव्हतं, घसरत होतं. म्हंजे चपटं. चुंबकाला वढ नाय, म्हंजे लोखंड नाय. लाकूड म्हणावं तर लय जड. आन् घसरताना खरखर वाजायचं. मेथी कापायच्या विळ्याला घरी मीच धार लावते, मॅडम. तोच आवाज."

"मग हे लिहिलं का नाहीस?"

"बारावीपर्यंत कुणी इचारलंच नाय. उत्तर बरोबर आलं की पुढं जायचं. आन् असं लिहायचं असतं, हे तुम्ही पण कधी शिकवलं नाय."

मॅडमनी दगडावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. जे शिकवलं नाही, ते मी तपासलं."

त्यांनी सगळ्यांचीच परीक्षा रद्द केली. सनी चिडला, आणि त्याचं चिडणं रास्त होतं. तीन आठवडे मॅडमनी वर्गात फक्त कारणं लिहायला शिकवलं. आधी स्वतः फळ्यावर, खोडत, पुन्हा लिहीत. मग नवा डबा आला.

मी आता खिडकीत असतो. माझ्यात खडू ठेवतात, झाकण नीट लागत नाही. नवा डबा शेजारीच आहे आणि त्यात काय आहे ते मला ठाऊक आहे. डब्याला डबा कळतो. या वेळी चैतालीने अडीच पानं लिहिली आणि तिचं उत्तर साफ चुकलं. तिला सोळा मिळाले. डबा उघडा, असं ती म्हणाली नाही.

तुम्हीही मला विचारू नका.